पन्नास गुण आणि खाली शेरा: होमब्रू स्पर्धांच्या गुणपत्रिकेची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या होमब्रू स्पर्धेत, म्हणजे घरी केलेल्या बिअरच्या स्पर्धेत, पदक मोजक्यांनाच मिळते. गुणपत्रिका मात्र प्रत्येकाला मिळते. परीक्षकाला बाटली कोणाची हे ठाऊक नसते आणि बिअर करणारा निकालाआधी परीक्षकाला गाठून काही विचारू शकत नाही. म्हणून ५० पैकी किती गुण पडले याइतकेच त्याखालच्या शेऱ्यालाही वजन असते.

हे वजन आले कुठून, हे कळायला दारूबंदीपर्यंत मागे जावे लागते. १९२० ते १९३३ तिथे दारूबंदी होती. ती उठल्यावर घरी वाईन करायला केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली, बिअरला मात्र नाही. (आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा नाव बदलून अजून लागू आहे, तेव्हा फार हसण्यात अर्थ नाही.) पुढची पंचेचाळीस वर्षे लोक घरी बिअर करत राहिले, पण गुपचूप. माल्ट एक्स्ट्रॅक्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाच्या घट्ट अर्काचा डबा, साखर आणि ब्रेडचे यीस्ट ही नेहमीची सामग्री. बिघडली तर विचारायचे कोणाला?

१९७४ मध्ये लॉस एंजेलिसला ‘माल्टोज फाल्कन्स’ हा घरी बिअर करणाऱ्यांचा क्लब निघाला. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करायला केंद्रीय परवानगी मिळाली. राज्यांची अडवणूक सुरूच राहिली. अलाबामा आणि मिसिसिपी २०१३ मध्ये वळले. कार्टर यांची सही झाली त्याच वर्षी बोल्डर, कोलोरॅडो इथे चार्ली पपाझियन आणि चार्ली मॅट्झेन यांनी ‘अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशन’ सुरू केली. १९७९ मधल्या तिच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत ३४ बिअर आल्या.

चवीला गुण द्यायचे तर आधी चवीबद्दल एका भाषेत बोलता यायला हवे. ती भाषा दोन ठिकाणांहून आली. बिअर कारखान्यांसाठी मॉर्टन माइलगार्ड या रसायनशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात चवी-वासांची शब्दावली बसवली होती, आणि ब्रिटिश लेखक मायकेल जॅक्सन (गायक नव्हे) यांनी १९७७ मध्ये जगभरच्या बिअरची प्रकारवार मांडणी केली होती. प्रयोगशाळेतले ‘डायअ‍ॅसिटिल’ म्हणजे लोण्यासारखा वास, ‘डीएमएस’ म्हणजे उकडलेल्या मक्याचा. हे दोष पुढे हौशी स्पर्धांच्या छापील कागदावर, बाजूला खूण करायच्या यादीत येऊन बसले.

१९८५ मध्ये परीक्षकांचीच परीक्षा घेणारा ‘बीजेसीपी’ (बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम) हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या प्रचलित गुणपत्रिकेत वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५ आणि एकूण परिणामाला १० गुण असतात. दिसण्याला तीनच, हे मला फार पटते. फेस पाहून भुलणारे परीक्षक थोडे नसतात. बिअर कितीही नासलेली असली तरी १३ च्या खाली सहसा जायचे नाही, हा शिष्टाचार. एकाच बिअरला दोन परीक्षकांनी फार वेगळे गुण दिले तर बोलून फरक साधारण ७ च्या आत आणायचा.

खरी गंमत परीक्षेच्या मोजमापात आहे. चव परीक्षेत ९० मिनिटांत सहा बिअर तपासायच्या असतात, आणि उत्तरपत्रिकेचे पाच भाग सारख्याच वजनाने तपासतात: दोष-गुण ओळखणे, वर्णन, सुधारणेचा सल्ला, पूर्णता आणि गुणांची अचूकता. म्हणजे आकडा नेमका देऊनही खाली ‘छान आहे, चालू ठेवा’ एवढेच खरडणारा परीक्षक मागे पडतो. लोण्याचा वास आला तर बाटलीत भरण्याआधी यीस्टला थोड्या उबेत आणखी काही दिवस द्या, असे लिहायचे. तेही ‘जर-तर’ने, कारण पाककृती परीक्षकासमोर नसते.

सगळ्यात जास्त कुरबुर मात्र प्रकारांवरून होते. बीजेसीपीच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत बिअरचे २३ विभाग होते, २०१५ मध्ये ३४ झाले. उत्तम बिअरसुद्धा चुकीच्या विभागात पाठवली की मार खाते. हे अन्यायाचे वाटते, पण प्रकाराचा आधार काढला तर परीक्षकाच्या आवडीनिवडीखेरीज मोजपट्टी उरत नाही. म्हणून जाणता परीक्षक गुण विभागाप्रमाणेच देतो आणि शेऱ्यात लिहितो, ‘बिअर चांगली आहे, पुढच्या वेळी अमुक विभागात पाठवा.’