सिडनी हार्बर ब्रिजचं पोलाद : पुरवठा आणि फॅब्रिकेशन

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी बंदरावर 19 मार्च 1932 ला सुरू झालेल्या कमानी पुलासाठी लागलेलं पोलाद, ते कुठून आलं, कुठे कापलं-जोडलं गेलं आणि पाण्यावर कसं चढवलं गेलं याबद्दलची ही नोंद आहे. पुलाचं पोलाद एकूण सुमारे 52,800 टन, त्यातलं 39,000 टन एकट्या कमानीत, आणि यातलं साधारण 79 टक्के पोलाद इंग्लंडहून जहाजाने आलं. उरलेलं 21 टक्के ऑस्ट्रेलियन. म्हणजे जगाच्या एका टोकाला वितळवलेलं पोलाद दुसऱ्या टोकाला नेऊन त्याचा 503 मीटरचा गाळा उभा केला, आणि तेही वेल्डिंगशिवाय, कारण इतक्या मोठ्या कामात वेल्डिंगवर भरवसा ठेवायचे ते दिवस नव्हते.

काम मिळालं इंग्लंडमधल्या मिडल्सबरोच्या डॉर्मन लाँग कंपनीला. 6 कंपन्यांकडून वेगवेगळ्या डिझाइनची 20 टेंडरं आली होती, त्यातून निवड झाली आणि 24 मार्च 1924 ला करार झाला, रक्कम 42,17,721 पौंड 11 शिलिंग 10 पेन्स (एवढ्या अगडबंब आकड्याच्या शेपटाला पेन्ससुद्धा लावायचे, हिशेब म्हणजे हिशेब). न्यू साउथ वेल्स (सिडनी ज्या राज्यात आहे ते) सरकारच्या बाजूने इंजिनिअर जॉन ब्रॅडफिल्ड, कंपनीच्या बाजूने सल्लागार इंजिनिअर राल्फ फ्रीमन, आणि जागेवरच्या बांधकामाचे प्रमुख लॉरेन्स एनिस. पूल नेमका कोणी डिझाइन केला यावरून ब्रॅडफिल्ड आणि फ्रीमन यांच्यात नंतर जे वाजलं ते बरीच वर्षं मिटलं नाही, पण पोलादाच्या गोष्टीत त्याचा फारसा संबंध नाही.

इंग्लंडमधला टाइन ब्रिज पण डॉर्मन लाँगचाच, 1928 ला उघडलेला आणि दिसायला सिडनीच्या धाकट्या भावासारखा, त्यामुळे सिडनीचा पूल त्याची कॉपी आहे असं लोक ठोकून देतात. तारखा बघितल्या तर सिडनीचा करार आधीचा आहे. दोघांवर छाप असेल तर ती न्यूयॉर्कच्या हेल गेट ब्रिजची.

मिडल्सबरोचंच पोलाद का, तर कमानीला साधं पोलाद नको होतं, जास्त ताकदीचं सिलिकॉन स्टील हवं होतं, आणि तेही एवढ्या टनेजमध्ये. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलला पोलादाचा कारखाना 1915 पासून चालू होता खरा पण हा सगळा माल एकट्याने पुरवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. तरी इंग्लंडहून तयार गर्डर आले नाहीत, आल्या त्या प्लेटा, अँगल असा सुटा, रोल केलेला माल, आणि या सगळ्या व्यवहारातली खरी हुशारी मला इथेच दिसते. जहाजाच्या पोटात सपाट प्लेटा दाबून बसतात, पण कमानीचा एक पेटीसारखा मेंबर (सांगाड्याचा एक अख्खा भाग) जोडून पाठवायचा तर अर्धं जहाज हवेलाच भाडं देणार, शिवाय चढवता-उतरवताना कुठे वाकला तर तो हजारो मैल परत पाठवणार कोण.

म्हणून फॅब्रिकेशन झालं पुलाच्या पायथ्याशीच. उत्तर किनाऱ्यावर मिल्सन्स पॉइंटला कंपनीने दोन मोठ्या वर्कशॉप उभ्या केल्या, एक हलक्या कामाची आणि एक जड कामाची. प्लेट आली की सरळ करायची, लाकडी टेंप्लेट ठेवून मार्किंग करायचं, कापायची, कडा मशीनवर तासायच्या, भोकं पाडायची, मग जोडून रिव्हेट, म्हणजे प्लेटा कायमच्या सांधणारे जाड खिळे, मारायचे. वाचायला सोपं वाटतं पण भोक जुळलं नाही तर वर उंचावर लटकलेला माणूस काय करणार, त्यामुळे जी काय अचूकता आणायची ती खाली शॉपमध्येच आणायची हा सगळ्या कामाचा कणा होता. तयार मेंबर बार्जवर (माल वाहणाऱ्या सपाट तराफ्यावर) चढवून थेट कमानीच्या खाली नेत आणि तिथून क्रेन उचलून घेई. रस्त्याने न्यायचा प्रश्नच नाही. काम संपल्यावर शॉप पाडल्या आणि त्याच जागेवर 1935 ला लूना पार्क नावाचं करमणुकीचं पार्क आलं, ते अजून आहे.

रिव्हेट सुमारे 60 लाख. ते मेलबर्नच्या मॅकफर्सन कंपनीचे. सगळ्यात मोठा रिव्हेट साडेतीन किलोचा आणि 39.5 सेंटीमीटर लांब. एक जण भट्टीत रिव्हेट लाल करायचा, त्याला कुकर म्हणत, तो चिमट्याने उचलून फेकायचा आणि दुसरा तो बादलीत झेलायचा, स्लिपमधल्या फिल्डरसारखा, फक्त इथे कॅच सुटला तर लालबुंद लोखंड खाली कोणाच्या तरी डोक्यावर. झेललेला रिव्हेट भोकात घालायचा, एकाने मागून दाबून धरायचं आणि दुसऱ्याने दाबाच्या हवेवर चालणाऱ्या हातोड्याने डोकं ठोकायचं. गार होताना रिव्हेट आकसतो आणि प्लेटा एकमेकींवर घट्ट ओढल्या जातात, जोडाची ताकद बऱ्यापैकी त्या ओढीतच असते.

कमानीचं इरेक्शन, म्हणजे उभारणी, 26 ऑक्टोबर 1928 ला सुरू झालं. खाली जहाजांची ये-जा चालू ठेवायची होती म्हणून पाण्यात आधार उभे करता येत नव्हते, मग दोन्ही काठांवरून अर्धी-अर्धी कमान पुढे वाढवत नेली आणि प्रत्येक अर्ध्याला 128 केबलनी मागे खडकात खणलेल्या बोगद्यातून ताणून धरलं. दक्षिणेची बाजू मुद्दाम पुढे ठेवली होती, चूक निघाली तर ती आधी तिथे कळावी आणि उत्तरेला सुधारता यावी म्हणून. कमानीच्याच पाठीवरून सरकत जाणाऱ्या क्रेन पुढचा मेंबर उचलायच्या, तो बसला की त्याच्यावर चढून आणखी पुढे जायच्या. 19 ऑगस्ट 1930 ला केबल हळूहळू सैल करत दोन्ही टोकं एकमेकांना टेकली. मग क्रेन उलट्या मागे येत गेल्या आणि मधून बाहेर असा डेक (रस्ता-रुळांचा तळ) कमानीला टांगत गेल्या.

सगळा भार शेवटी कमानीच्या पायाशी असलेल्या 4 बेअरिंगवर (टेकूंवर) येतो, प्रत्येकात 4.2 मीटर लांबीची पिन आणि तिच्यावर साधारण 20,000 टनांचा रेटा. उन्हाने कमानीचा माथा सुमारे 18 सेंटीमीटर वर-खाली होतो तो या पिनांवरच फिरून. दोन्ही टोकांचे 89 मीटर उंच, ग्रॅनाइटने मढवलेले मनोरे मात्र निव्वळ दिखाव्याचे आहेत, कमानीचं ओझं ते पेलत नाहीत. हे ऐकून पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसत नाही. उद्घाटनाआधी पुलावर 96 वाफेची इंजिनं एकाला एक लावून उभी केली आणि चाचणी घेतली.

पूल बांधताना 16 कामगार गेले, त्यातले पुलावरून पडून गेलेले 2 जण. कामाची शेवटची वर्षं मंदीची होती आणि शॉपमुळे सिडनीतल्या कित्येक घरांची चूल पेटत राहिली, म्हणून लोक पुलाला ‘लोखंडी फुप्फुस’ (आयर्न लंग, रोग्याचा श्वास चालू ठेवणारं यंत्र) म्हणायचे. फॅब्रिकेशन इंग्लंडमध्ये झालं असतं तर हा पगार तिकडेच राहिला असता. बांधकामाचं कर्ज मात्र फिटायला 1988 उजाडलं.

आपल्याकडच्या हावडा ब्रिजचं कंत्राटही इंग्लंडच्याच क्लीव्हलँड ब्रिज कंपनीकडे होतं, पण दुसरं महायुद्ध लागलं आणि तिकडून येणारं पोलाद अडकलं, मग 26,500 टनांपैकी सुमारे 23,000 टन टाटांनी दिलं आणि पूल 1943 मध्ये सुरू झाला. मुंबईच्या अटल सेतूचा हिशेब सिडनीच्या बरोबर उलटा. त्याच्या समुद्रावरच्या मोठ्या गाळ्यांचे पोलादी डेक, सर्वांत लांब 180 मीटरचा, यांचे भाग जपानसह बाहेरच्या देशांत फॅब्रिकेट होऊन जहाजाने आले, उरणजवळ करंजाला जोडले आणि मग अख्खा गाळा बार्जवरून नेऊन खांबांवर बसवला. वेल्डिंग आलं, अवजड माल वाहणाऱ्या बार्ज आल्या, त्यामुळे हवेला भाडं देणं आता परवडायला लागलं.