चक्कर म्हणजे व्हर्टिगो नव्हे

डॉक्टरांना ‘चक्कर येते’ असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे नेमकं काय होतं?’ डोळ्यांपुढे अंधारी येणं, चालताना तोल जाणं, सगळं गरगर फिरणं, या साऱ्याला आपण चक्करच म्हणतो. वैद्यकात व्हर्टिगो हा शब्द यातल्या एकाच अनुभवापुरता आहे: स्थिर असतानाही आपण किंवा भोवतालचं जग फिरतंय असं वाटणं. उंचावरून खाली पाहताना वाटणारी भीती वेगळी; तिला ॲक्रोफोबिया म्हणतात.

‘मला व्हर्टिगो आहे’ असं अनेक जण मधुमेह असल्यासारखं सांगतात. पण ते लक्षण आहे, रोग नाही. ताप आला म्हणून रोग कळत नाही, तसंच हे.

झटकन उठल्यावर येणारी अंधारी रक्तदाबाची. उभं राहताच अर्धा लिटरहून अधिक रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. रक्तवाहिन्या वेळेत आकसल्या नाहीत, तर मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. जग मात्र फिरत नाही.

ते फिरतं बहुधा कानामुळे. प्रत्येक आंतरकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला ते कळतं. शेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. ते सुटून नलिकेत शिरले, की कूस बदलण्याएवढ्या हालचालीनेही द्रव ढवळला जातो. एक कान सांगतो ‘फिरतोय’, दुसरा कान आणि डोळे ते नाकारतात. हा झटका सहसा मिनिटभरही टिकत नाही. याला बीपीपीव्ही म्हणतात. यावर गोळ्यांपेक्षा डोकं ठरावीक क्रमाने वळवून स्फटिक मूळ जागी नेणारी एप्ली पद्धत अधिक उपयोगी. अनेकांना एकदोन वेळातच आराम पडतो. या विकाराचं १९२१ मध्ये वर्णन करणाऱ्या रॉबर्ट बारानी यांना आंतरकर्णावरील कामासाठी १९१४ चं नोबेल मिळालं होतं. त्याची बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते!

इथवर सगळं सरळ वाटतं: रुग्णाने चक्करचा प्रकार सांगावा, डॉक्टरांनी कारण ओळखावं. १९७२ पासून ही रीत रूढही झाली. पण २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तोच प्रश्न काही मिनिटांनी पुन्हा विचारल्यावर सुमारे निम्म्या रुग्णांनी वेगळाच प्रकार निवडला. यात रुग्णांचा दोष मला दिसत नाही. गरगरणाऱ्या माणसाकडून काटेकोर व्याख्येची अपेक्षाच अवाजवी होती.

म्हणून आता अनेक तज्ज्ञ वर्णनापेक्षा वेळेवर भर देतात. झटका किती टिकतो? आपोआप येतो की मान वर केल्यावर, उठल्यावर? नवी औषधं सुरू आहेत का? ही उत्तरं जास्त भरवशाची निघतात. चक्करसोबत बोलणं अडखळत असेल, एकाचे दोन दिसत असतील, हातपाय लुळे पडले असतील किंवा आधाराशिवाय उभंच राहता येत नसेल, तर ती कोणत्या प्रकारची याचा विचार करत न बसता तातडीने रुग्णालय गाठावं. हा पक्षाघात असू शकतो.