श्रेयाचे वाटे: एफसी गोवाच्या ढालीमागचा जुना वाद

१९ फेब्रुवारी २०२० रोजी एफसी गोवाने जमशेदपूरला त्यांच्याच मैदानावर ५-० असं झोडपलं आणि इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची साखळी फेरी पहिल्या क्रमांकाने संपवली. १८ सामने, ३९ गुण, ४६ गोल. साखळीत अव्वल राहणाऱ्याला ढाल देण्याची पद्धत त्याच मोसमात सुरू झाली होती. ढालीबरोबर एएफसी चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या, गटफेरीत थेट प्रवेश होता आणि तोवर भारतातला एकही क्लब तिथे पोचला नव्हता. गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या अलीकडे, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातही, या संघामागे वेडी झालेली पोरं आहेत. त्यांनाही त्या रात्री एकच प्रश्न पडला होता. ज्या माणसाने जून २०१७ पासून हा संघ बांधला, तो कोच सर्जिओ लोबेरा बाकावर नव्हता. साखळीचे तीन सामने उरलेले, संघ गुणतक्त्यात वर, आणि ३१ जानेवारीला क्लबने त्याला निरोप दिला होता.

उरलेले तीन सामने हंगामी कोच म्हणून क्लिफर्ड मिरांडाने काढले. डेरिक परेरा तांत्रिक संचालक म्हणून पाठीशी होते. हैदराबादला ४-१, मुंबईला ५-२ आणि मग जमशेदपूर. तीन सामन्यांत १४ गोल.

आमच्याकडे कोणी म्हणेल, "जेवाण रांधल्यान एकान, वाढल्यान दुसऱ्यान." ३९ पैकी ३० गुण लोबेराच्या काळातले, तेव्हा हिशेब सरळ वाटतो. पण मोसमाच्या शेवटच्या टप्प्यात कोच काढलेला संघ किती सहज विस्कटतो, हे ज्याने पाहिलंय तो मिरांडाचे नऊ गुण नुसते नऊ म्हणून मोजणार नाही. आणि मोसमभरात १४ गोल करणारा स्ट्रायकर कोरोमिनास? शेवटी गोल त्याने केले, फळ्यावर बाण काढणाऱ्याने नव्हे. पैसा ओतणारे मालक तर वेगळेच. हा वाद फातोर्ड्यात, एफसी गोवाच्या मैदानावर, जन्मलेला नाही. तो संघटित फुटबॉलइतकाच जुना आहे आणि प्रत्येक काळात श्रेय वेगळ्याच माणसाच्या पदरात पडलेलं आहे.

इंग्लंडात १८८८ मध्ये पहिली लीग सुरू झाली तेव्हा आजच्या अर्थाचा कोच नव्हताच. संघ क्लबची समिती निवडायची, मैदानावर कॅप्टन हाकायचा. पहिला मोसम प्रेस्टनने एकही सामना न हरता जिंकला: २२ सामने, १८ विजय, ४ बरोबऱ्या. त्यामागचा माणूस विल्यम सडेल, एका कापडगिरणीचा व्यवस्थापक. त्याने स्कॉटलंडहून चांगले खेळाडू आणले, त्यांना पैसे दिले आणि खेळाची आखणीही केली. पुढे १८९५ मध्ये तो गिरणीच्या पैशांच्या अफरातफरीत तुरुंगात गेला. यातला बराचसा पैसा फुटबॉलवर उडवलेला होता. म्हणजे त्या अजिंक्य मोसमात गिरणीमालकांचाही वाटा होता म्हणायचा, फक्त त्यांना तो कोणी विचारून घेतला नव्हता.

सगळं श्रेय एका व्यवस्थापकाच्या नावावर लावायची सवय हर्बर्ट चॅपमनपासून पक्की झाली. हडर्सफील्डला त्याने १९२४ आणि १९२५ अशी सलग दोन विजेतेपदं मिळवून दिली आणि तो आर्सेनलला गेला. तिसरं विजेतेपद हडर्सफील्डने १९२६ मध्ये सेसिल पॉटरच्या हाताखाली घेतलं. आर्सेनलमध्येही तेच घडलं. १९३३ चं विजेतेपद चॅपमनचं. पुढच्या मोसमाच्या मध्यात, जानेवारी १९३४ मध्ये, तो न्यूमोनियाने गेला. जो शॉने तो मोसम तडीस नेला आणि १९३५ चं विजेतेपद जॉर्ज अ‍ॅलिसनच्या नावावर लागलं. दोन क्लब, दोन हॅटट्रिक, आणि दोन्ही वेळा शेवटची रेघ ओलांडताना चॅपमन हजर नाही. आज लोकांना नाव कोणाचं आठवतं? चॅपमनचं. पॉटर कोण, हे सांगायला मला स्वतःला एकदा शोधावं लागलं होतं. मला वाटतं लोकांनी न्याय बऱ्यापैकी केला, पण पॉटरच्या बाबतीत जरा हात आखडला.

राष्ट्रीय संघाच्या बाबतीत तर इंग्लंडने श्रेय द्यायलाच फार वेळ लावला. वॉल्टर विंटरबॉटम १९४६ पासून १९६२ पर्यंत मॅनेजर होता, पण खेळाडू निवडायची समिती. पूर्ण अधिकार मिळाले ते १९६३ मध्ये अल्फ रॅम्सीला, आणि तीन वर्षांनी विश्वचषक आला. त्या दिवशी पदकं मिळाली फक्त मैदानात उतरलेल्या अकरा जणांना. राखीव खेळाडूंना नाही, रॅम्सीला नाही, साखळीत खेळून जायबंदी झालेल्या जिमी ग्रीव्ह्जलाही नाही. फिफाने जुन्या विजेत्यांतल्या राहिलेल्यांना पदकं द्यायचं ठरवल्यावर, २००९ मध्ये ती दिली गेली. तोवर रॅम्सीला जाऊन दहा वर्षं झाली होती. त्याचं पदक घरच्यांनी घेतलं.

आपल्याकडे सुरुवात उलट टोकाची. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवून आयएफए शिल्ड जिंकली. बंगालमध्ये त्या अकरा जणांचा उल्लेख आजही 'अमर एकादश' असा होतो. कॅप्टन शिबदास भादुरी आणि विजयी गोल करणारा अभिलाष घोष ही नावं टिकली. खेळाडूंच्या अंगमेहनतीकडे लक्ष देणारे सचिव शैलेन बसू मात्र तळटीपेत गेले. कोच म्हणून देशभर ओळखलेलं पहिलं मोठं नाव म्हणजे हैदराबादचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलिसने मुंबईत येऊन १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स कप नेला. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं त्यांच्याच हाताखालची. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत उपान्त्य फेरीत गेला तोही त्यांच्यासोबत. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मूळ बार्देशातल्या आसगावचा. रहीम जून १९६३ मध्ये कर्करोगाने गेले आणि आशियाई सुवर्ण भारताकडे पुन्हा आलं नाही. श्रेयाचा वाद मिटवणारा याहून कडवट पुरावा नसावा.

आता गोवा. फुटबॉल इथे १८८३ मध्ये विल्यम लायन्स नावाच्या पाद्र्याबरोबर आला, शिवोलीला. चर्चच्या शाळा, गावागावांतली मैदानं, भात कापल्यावर रिकामी झालेली शेतं, असा तो पसरला. गावच्या संघात मालक नसतो, त्यामुळे जिंकल्यावर श्रेय गावाचं. पण खाणी आल्या, पैसा आला, आणि क्लबच्या छातीवर घराण्याचं आडनाव आलं: साळगावकर, धेंपो, पुढे वार्क्याच्या आलेमावांचे चर्चिल ब्रदर्स.

आमच्या भागातल्या माणसाला यात नवल वाटत नाही. दशावतार कोणाचा, असं विचारलं की आधी आडनाव येतं. पार्सेकर, वालावलकर, मोचेमाडकर. राजपार्टी कोण करतो, हार्मोनियमवर कोण बसतो, हे त्यानंतर. नाटक रंगतं ते ऐनवेळी शब्द सुचणाऱ्या नटामुळे, पण पेटारा ज्याचा त्याच्या नावाने बोलावणं येतं. गोव्याच्या फुटबॉललाही हाच न्याय लागला. 'धेंपो जिंकला' म्हणताना आपण नकळत अर्धं श्रेय शेटला देऊन टाकलेलं असतं.

त्या आडनावामागून एका कोचचं नाव वर यायला आर्मांदो कुलासो यावे लागले. धेंपोने त्यांच्या हाताखाली राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा घेतलं: २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२. शेवटच्या मोसमात रँटी मार्टिन्सने ३२ गोल केले, तेव्हा 'रँटी नसता तर?' हे पालुपद होतंच. पण पाच विजेतेपदं एका स्ट्रायकरवर येत नसतात. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा असा स्थानिक कणा वर्षानुवर्षं एकत्र ठेवणं हे कुलासोंचं खरं काम, आणि तो ठेवू देणं, दरवर्षी मोडतोड न करणं, हे मालकांचं.

त्या पाचांतला पहिला मोसम मात्र मला कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात धेंपोने मोहन बागानला २-० हरवलं. दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरचे. दुसरा गोल करताना तो गोलकीपरवर आदळला, कोसळला आणि परत उठला नाही. क्लबने त्याची १० क्रमांकाची जर्सी निवृत्त केली. त्याच मोसमात धेंपोने लीगही जिंकली. त्यात त्याचा वाटा किती, हे गुणतक्ता सांगू शकत नाही.

कागदावरचं श्रेय आणि खरं श्रेय यांतली फट दाखवणारं उदाहरण २०१२-१३ चं. चर्चिल ब्रदर्सने आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली वरची लीग, जिंकली तेव्हा मुख्य प्रशिक्षक म्हणून नाव होतं मारियानो डायस यांचं. सुभाष भौमिक तांत्रिक संचालक होते. मुख्य प्रशिक्षकाकडे प्रशिक्षणाचा 'ए' परवाना हवा, असा नियम आला होता, आणि तो भौमिकांकडे नव्हता. विजेतेपदाबद्दल बोलताना पुष्कळांनी आधी भौमिकांचं नाव घेतलं. परवाना एकाकडे, दबदबा दुसऱ्याकडे. मारियानोंनी पुढच्याच मोसमात फेडरेशन कपही जिंकला, म्हणून त्यांना नुसता सहीचा धनी समजणं चुकीचं ठरेल.

२०१४ मध्ये सुपर लीग आली. एरवी मैदानात एकमेकांसमोर उभी राहणारी धेंपो आणि साळगावकर ही घराणी एफसी गोवाच्या स्थापनेत भागीदार झाली. सोबत विराट कोहलीचं नाव, कोच म्हणून झिको. छातीवर आता आडनावाऐवजी राज्याचं नाव. दोन वर्षांत धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले, कारण देशातला वरचा दर्जा सुपर लीगकडे जाणार हे दिसू लागलं होतं. जुना कणा गेला, पण त्यात घडलेली माणसं नव्या क्लबात पोचली. मिरांडा आणि डेरिक परेरा हे दोघे त्यांतलेच. म्हणून २०२० चे शेवटचे तीन सामने हा योगायोग वाटत नाही. बाहेरून आलेल्या कोचने बांधलेला संघ कोसळू न देता सांभाळायला घरचं माणूस हाताशी होतं, आणि ते माणूस कुलासोंच्या धेंपोत तयार झालेलं होतं.

पैशाची बाजूही टाळता येत नाही. अर्थशास्त्रज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी १९७८ ते १९९७ या काळातल्या ४० इंग्लिश क्लबांचा पगारखर्च आणि लीगमधलं स्थान ताडून पाहिलं. स्थानांतला सुमारे ९२ टक्के फरक पगारावरून समजत होता. बहुतेक कोच उरलेल्या आठ टक्क्यांत भांडत असतात. मग २०१५-१६ ला लीस्टर जिंकतं, ज्याच्यावर मोसमाआधी ५००० ला १ असा भाव होता. तिथेही वाद तोच: कोच रानिएरी, की आधीच्या मोसमात शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून संघ वाचवणारा आणि तरी काढला गेलेला पिअर्सन, की वार्डी, महरेझ, कांते हे खेळाडू हेरणारा स्टीव्ह वॉल्श. नऊ महिन्यांनी रानिएरीलाही काढलं.

माझं विचाराल तर २०२० च्या ढालीची वाटणी मी रापणीच्या मासळीसारखी करीन. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, आणि दोर ओढणाऱ्या प्रत्येकाचा वेगळा. जाळं लोबेराचं, मोठा वाटा त्याचा. होडी मालकांची. पण किनाऱ्याशी येता येता जाळं फाटू न देणाऱ्याला एका दोराचा वाटा देऊन भागवणं बरं नव्हे.

पुढची हकीकत या वाटणीला हसते. चॅम्पियन्स लीगमध्ये एप्रिल २०२१ ला एफसी गोवा फातोर्ड्यातच खेळला आणि तीन बरोबऱ्या मिळवल्या, पण बाकावर ना लोबेरा ना मिरांडा. तेव्हा कोच होता हुआन फेरांडो. लोबेरा मुंबई सिटीत गेला. बूमूस, जाहू, फाल आणि मंदार राव देसाई हे त्याचे जुने गडी तिकडेच पोचले. करोनामुळे तो सगळा मोसम गोव्यात बंदिस्त होता. मुंबईने ढालही घेतली आणि करंडकही. उपान्त्य फेरीत टायब्रेकरवर हरवलं ते एफसी गोवालाच, आणि १३ मार्च २०२१ रोजी लोबेराने करंडक उचलला तो फातोर्ड्याच्या रिकाम्या गॅलऱ्यांपुढे.

मिरांडा ओडिशाला गेला. एप्रिल २०२३ मध्ये तिथेही तो हंगामी कोच झाला, आणि त्याच महिन्यात ओडिशाने बंगळूरला २-१ हरवून सुपर कप जिंकला, क्लबचा पहिला मोठा करंडक. पुढच्या मोसमासाठी ओडिशाने पूर्णवेळ कोच नेमला. सर्जिओ लोबेरा.