पहिलटकरीण मांजर घरात असेल तर

मांजराचं खाणं न्यायला आलेलं गिऱ्हाईक पैसे देऊन झाल्यावरही काउंटरपाशी घुटमळायला लागलं की आमच्या लक्षात येतं. मग हळू आवाजात प्रश्न येतो: "पिल्लं चार झाली होती, दोन गेली. आमचं काय चुकलं हो?" वर्षभरात हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला की तो लिहूनच काढावा असं वाटलं. आम्ही दुकानदार आहोत, डॉक्टर नाही. इथे जे सांगतोय ते घरी करण्यापुरतं आहे. जिथे दवाखाना गाठायचा तिथे तसं स्पष्ट लिहिलंय.

आधी आमचीच चूक सांगतो. आमच्या घरची मांजर पहिल्यांदा व्याली तेव्हा एक पिल्लू बाजूला पडून गार झालं होतं. घाईघाईने गाईचं दूध कोमट करून ड्रॉपरने त्याच्या तोंडात सोडलं. सकाळपर्यंत ते गेलं. दूध कमी पडलं म्हणून गेलं असं बरेच दिवस वाटत होतं. खरं कारण उलटं होतं. गार पडलेल्या पिल्लाच्या आतड्याचं काम थंडावतं, त्याला नीट गिळताही येत नाही. अशा वेळी पाजलेलं दूध पोटात तसंच राहतं किंवा छातीत उतरतं. आधी ऊब, मग दूध. या पत्रकातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

दिवस मोजायला लागा

मांजर साधारण 63 ते 65 दिवसांनी विते. चार-पाच दिवस इकडेतिकडे होतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सड गुलाबी होऊन फुगतात. पहिल्या खेपेला ही खूण चांगली दिसते. सोनोग्राफीत गर्भ महिन्याभरात कळतो. पण पिल्लं नेमकी किती, हे 45 दिवसांनंतरच्या एक्स-रेत जास्त खात्रीने मोजता येतं. तो एक्स-रे काढून ठेवाच असं आम्ही सांगतो. पोटात तीन आहेत हे माहीत असेल, तर दोन झाल्यावर "संपलं" म्हणून तुम्ही झोपायला जाणार नाही.

पोट दाबून पिल्लं चाचपू नका. गाभण असताना लस द्यायची की नाही, जंताचं औषध कुठलं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. कुत्र्यासाठी आणलेलं गोचिडाचं औषध तर मांजरीला मुळीच लावायचं नाही. त्यातल्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन असतं आणि मांजराला ते विष आहे. तापाची पॅरासिटामॉल गोळीही तशीच, अर्धी दिली तरी जीव जाऊ शकतो.

दूधभात पुरत नाही

आपल्याकडे पुष्कळ घरं शाकाहारी आहेत. मांजर दूधभातावर, दुधात कुस्करलेल्या भाकरीवर वाढते, वरचे उंदीर तिचे ती बघते. पण घरात कोंडलेल्या गाभण मांजरीला हे भागत नाही. टॉरिन नावाचा घटक मांजराला मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर गर्भ पोटातच जिरतात, पिल्लं मेलेली किंवा अगदी लहान जन्मतात. पिल्लांसाठीचं जे खाणं मिळतं, तेच गाभण मांजरीला शेवटचे तीन-चार आठवडे आणि पुढे अंगावर पिल्लं असेपर्यंत द्या. त्यात टॉरिन घातलेलं असतं. घरात मांस शिजत नसेल त्यांचीही त्याने सोय होते. श्रावणात मटण-मासळी बंद करणाऱ्या घरांनाही आम्ही हेच सांगतो: श्रावण तुम्ही पाळा, तिला लावू नका.

कॅल्शियमचं टॉनिक मात्र स्वतःहून देऊ नका. आमच्या कपाटात ते आहे, तरी गाभण मांजरीसाठी मागितलं तर आम्ही देत नाही. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडातलं कॅल्शियम काढून रक्तात आणायची शरीराची सवय मोडते. मग ऐन दूध पाजताना ते कमी पडतं. व्याल्यावर पहिल्या महिन्यात मांजर थरथरायला लागली, लडखडत चालली, तर त्याच तासाला दवाखाना.

जागा

एक पुठ्ठ्याचा खोका किंवा मोठी बुट्टी, आत जुन्या सुती साडीच्या घड्या. वाकळ घालू नका, तिच्या उसवलेल्या टाक्यांत पिल्लांची नखं अडकतात. खोका आठवडाभर आधी अंधाऱ्या, वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात ठेवा. तुम्ही ठेवलेली जागा सोडून ती माळ्यावर किंवा परड्यातल्या लाकडांत वितेच, तो तिचा हक्क आहे. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते म्हणतात. प्रत्यक्षात जागेवर ये-जा वाढली की ती पिल्लं हलवते. शेजारची मुलं रांगेने बघायला आली, की त्याच रात्री पिल्लं गायब. माणसाचा हात लागला म्हणून मांजर पिल्लं खाते हे मात्र खरं नाही. रोज वजन करायला हात लावावाच लागतो.

व्याताना

आदल्या दिवशी ती खाणं सोडते, ओरडते, धापा टाकते, तुमच्या मागेमागे फिरते. अंगातलं तापमान 37.8 अंशांच्या खाली येतं. कळा सुरू झाल्यावर लांबून बघत बसा. प्रत्येक पिल्लामागे वार पडते आणि ती खाते. त्यात वावगं काही नाही. पिल्लू पातळ पिशवीत गुंडाळलेलं येतं; पहिलटकरीण कधी कधी गोंधळून ती पिशवी फाडत नाही. मिनिटभर थांबून तुम्हीच पिल्लाच्या तोंडावरची पिशवी फाडा, नाक-तोंड पुसा आणि कोरड्या पंच्याने बऱ्यापैकी जोरात चोळा. पिल्लाला धरून झटके देऊ नका. नाळ तिने तोडली नाही तर पोटापासून बोटाच्या एका पेराइतकं अंतर सोडून दोऱ्याने बांधा आणि पुढे कापा.

वीस-तीस मिनिटं जोरात कळा येऊनही पिल्लू आलं नाही, अर्धवट अडकलं, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला, तर वाट बघू नका आणि ओढूही नका. कणकुंबी-जांबोटीकडच्या ग्राहकांना एक जास्तीची विनंती. पावसाळ्यात रात्री तिकडून बेळगाव गाठायला किती वेळ लागतो ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तारीख जवळ आली की डॉक्टरांचा नंबर आणि गाडीवाल्याचा शब्द, दोन्ही आधी घेऊन ठेवा.

पहिला आठवडा

पिल्लं दगावतात ती जास्त करून याच आठवड्यात. जन्मलेलं पिल्लू साधारण 100 ग्रॅमचं असतं, आणि 80 च्या खालचं असेल तर त्याच्यावर विशेष नजर हवी. त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, पहिल्या आठवड्यात तर कुडकुडताही येत नाही. खोक्यात 29 ते 32 अंश ऊब लागते. डिसेंबरातल्या आपल्याकडच्या रात्री आई उठून बाहेर गेली तरी पिल्लं गार पडतात. फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त झालं तर पिल्लं सरकतील. बल्ब लावून त्याच्या भरवशावर झोपू नका. हेस्कॉमची लाइट कधी जाईल सांगता येत नाही, बाटली निदान तुमच्या हातात असते.

जन्मल्यावर पहिल्या बारा-सोळा तासांत पिल्लाला आईचा चीक मिळायला हवा. रोगाशी लढायची ताकद त्यातूनच जाते, पुढे आतडं ती आत घेत नाही.

आणि वजन. रोज, एकाच वेळी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. पिल्लं सारखी दिसत असतील तर कानामागे वेगवेगळ्या ठिकाणी थोडे केस कापून खूण करा. दिवसाला 10 ते 15 ग्रॅम वाढ हवी, दोन आठवड्यांत वजन दुप्पट. डोळ्यांना पिल्लू ठीक दिसत असतं तेव्हाच काटा सांगतो की ते मागे पडतंय. पहिल्या दिवशी थोडं उतरलं तर चालेल. त्यानंतर चोवीस तासांत वाढलंच नाही तर डॉक्टरांना फोन करा. सतत केविलवाणं ओरडणारं, भावंडांपासून लांब पडणारं, हाताला लुळं लागणारं पिल्लू हीसुद्धा तीच सूचना.

असं पिल्लू सापडलं तर आधी तुमच्या अंगाशी, कपड्याच्या आत धरा आणि तासा-दोन तासांत सावकाश गरम करा. एकदम शेकू नका. अंग आणि तोंडाच्या आतला भाग गरम लागल्यावरच आईच्या सडाला लावा. वरून पाजावं लागलं तर पिल्लांसाठीची दूधपावडर, आणि पिल्लू पालथं. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध छातीत जातं.

पिल्लू गेलं तर

लगेच उचलून नेऊ नका. आईला हुंगू द्या, चाटू द्या. ती त्याला तोंडात धरून फिरेल किंवा अंगाखाली घेऊन बसेल. काही तासांनी ती उठून गेली की मग न्या. मेलेलं पिल्लू तिने खाल्लं तर तिला वाईट ठरवू नका, जनावरांत ते होतं. पुढचे काही दिवस ती खोक्याशी जाऊन हाका मारेल. आमची तर पत्र्याच्या डब्यांमागे शोधत होती. तो खोका लगेच काढून टाकू नका.

कारण अनेक असतात: वजनच कमी असणं, जन्मजात व्यंग, आडवं येऊन गुदमरणं, चीक न मिळणं, संसर्ग. पर्शियनसारख्या काही जातींत आई-पिल्लांचे रक्तगट जुळले नाहीत तर दूध प्यायल्यावरच पिल्लं मरतात. यातलं पुष्कळसं ना तिच्या हातात असतं, ना तुमच्या. एकापाठोपाठ दोन गेली, किंवा उरलेली मलूल झाली, तर मेलेलं पिल्लू पिशवीत घालून बर्फाच्या डब्यात ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठलं की तपासणी नीट होत नाही. नाहीतर परड्यात हातभर खोल पुरून वर दगड ठेवा. कुत्री उकरतात.

सगळीच गेली असतील तर तिच्या अंगावर दूध साठतं. पिळू नका, पिळलं की आणखी येतं. एक-दोन दिवस खाणं थोडं कमी करा, आठवडाभरात उतरतं. सड गरम, कडक, लाल झाले, घाण वासाचा स्राव आला, किंवा तिने खाणंच सोडलं, तर दवाखाना.

उलटी-जुलाब होऊन पिल्लं गेली असतील तर पॅनल्युकोपेनियाची, म्हणजे मांजरांच्या एका विषाणूजन्य आजाराची, शंका धरा. तो विषाणू घरात वर्षभरही टिकतो. फरशी धुऊन एका भाग ब्लीचमध्ये 32 भाग पाणी घालून पुसा. फिनेल वापरू नका, तेही मांजरांना विषारी. लस न दिलेलं नवीन पिल्लू इतक्यात घरात आणू नका.

पिल्लं गेल्यावर ती आठ-पंधरा दिवसांत पुन्हा माजावर येऊ शकते, आणि बोका दारात असतोच. महिना-दीड महिना तिला आत ठेवा. दूध आटलं की ऑपरेशनबद्दल डॉक्टरांशी बोला. पिल्लं जगली असतील तर ती सुटल्यावर, म्हणजे दोन महिन्यांनी.

दुकानातून काय मिळेल

काउंटरवर एक वही आहे. कुणाकडे आईविना पिल्लू आलं आणि कुणाच्या मांजरीची पिल्लं संसर्गाने नव्हे, दुसऱ्या कारणाने गेली, तर दोघांना आम्ही गाठ घालून देतो. दूध असलेली मांजर परकं पिल्लू बहुतेकदा घेते. पैसे घेत नाही. हेच पत्रक कन्नडमध्येही आहे, शेजाऱ्यांसाठी एक न्या. घरात कुणी गरोदर असेल तर मांजरीची शी दुसऱ्याने, आणि रोजच्या रोज काढावी.

वजनाचा काटा 15 दिवसांसाठी उसना मिळेल. दोनच आहेत, तेव्हा तारखेच्या आठवडाभर आधी सांगून ठेवा आणि परत देताना सेल तपासून द्या.