बिझी बीव्हर

ठरावीक संख्येच्या अवस्था असलेले ट्यूरिंग यंत्र (ठरलेल्या नियमांनुसार फितीवर वाचणारे-लिहिणारे काल्पनिक संगणकयंत्र) कोऱ्या फितीवर सुरू केले, तर थांबण्यापूर्वी ते जास्तीत जास्त किती पावले चालू शकते, हे सांगणारे फलन. टिबोर राडो यांनी ते 1962 मध्ये मांडले. कायम चालत राहणारी यंत्रे स्पर्धेतून बाद. खरी अडचण ती ओळखण्याचीच.

फितीच्या प्रत्येक घरात सुरुवातीला 0 असतो. दर पावलाला यंत्र घर वाचते, 0 किंवा 1 लिहिते, एक घर डावीउजवीकडे सरकते आणि पुढची अवस्था घेते. दोन अवस्थांचा विजेता कागदावर चालवता येतो. अ अवस्थेत 0 दिसला तर 1 लिहून उजवीकडे, पुढे ब. 1 दिसला तर तो तसाच ठेवून डावीकडे, पुढे ब. ब अवस्थेत 0 दिसला तर 1 लिहून डावीकडे, पुढे अ. 1 दिसला तर उजवीकडे सरकून थांबायचे. अ पासून सुरू केल्यास सहा पावले होतात आणि फितीवर चार 1 उरतात. उत्तर पाच आले, तर बहुधा थांबण्याचे पाऊल मोजायचे राहिलेले असते. उरलेल्या 1 ची कमाल संख्या हे राडो यांचेच वेगळे फलन आहे. दोघांनाही बिझी बीव्हर म्हणतात, म्हणून तक्ता वाचताना आधी काय मोजले आहे ते पाहावे.

एक ते चार अवस्थांसाठी पावले 1, 6, 21 आणि 107. पाचसाठी एकदम 4,71,76,870! हे यंत्र मार्क्सेन आणि बुन्ट्रॉक यांना 1989 मध्येच सापडले होते. त्याहून लांब चालून थांबणारे दुसरे नाही, हे मात्र बीबी चॅलेंज या ऑनलाइन गटाने 2024 मध्ये संगणकाने तपासलेल्या सिद्धतेने दाखवले. पाच अवस्थांच्या यंत्रांचे शक्य नियमतक्ते 21 चा दहावा घात, म्हणजे सुमारे 16.7 लाख कोटी. सारखी यंत्रे गाळल्यावरही न थांबणाऱ्यांसाठी पुरावा लागतोच. ‘दहा लाख पावलांत थांबले नाही, म्हणजे थांबणार नाही’ हा तर्क इथे सपशेल फसतो.

फलनाची वरची मर्यादा काढणारी कृती असती, तर कोणतेही यंत्र तेवढी पावले चालवून ते थांबेल की नाही हे ठरवता आले असते. तशी सर्वसाधारण कृती नाही, हे ट्यूरिंग यांनी 1936 मध्ये दाखवले होते. म्हणून हे फलन असंगणनीय आहे, म्हणजे त्याची सर्व मूल्ये काढून देणारी एकच कृती नाही. त्याचे प्रत्येक मूल्य मात्र साधा पूर्णांकच असते. विद्यार्थी इथे हमखास अडखळतात.

सहा अवस्थांपाशी घोडे अडले आहे. ‘अँटिहायड्रा’ हे सहा अवस्थांचे यंत्र 8 पासून सुरू करून दर वेळी संख्येची दीडपट करते आणि अपूर्णांक सोडून देते: 8, 12, 18, 27, 40, 60. विषम संख्या समसंख्यांच्या दुपटीहून जास्त झाल्या, तरच ते थांबेल. तसे होण्याची शक्यता अगदी नगण्य दिसते, पण सिद्धता कोणाकडेच नाही.