लाल की पांढरी, हे ठरतं कुठे?

झेब्राफिश या छोट्या माशाचं रक्त आपल्यासारखं हाडांच्या पोकळीत तयार होत नाही, मूत्रपिंडात होतं. फरक ऐकायला मोठा वाटतो. पण रक्तपेशी घडवणारी जनुकं पाहिली तर ती बहुतेक आपल्याच ओळखीची निघतात. २०१३ साली या माशाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना त्यात जोडीदार सापडला. शिवाय भ्रूण पारदर्शक. पांढऱ्या पेशी हिरव्या चमकतील अशी सोय केली, की जिवंत माशात त्या हिंडताना दिसतात.

सगळ्या रक्तपेशींचं मूळ एकच. मग एखादी कोवळी पेशी तांबडी व्हायची की पांढरी? इथे गाटा-१ आणि पीयू-१ या दोन जनुकांची रस्सीखेच चालते. दोघांची प्रथिनं डीएनएवर बसून इतर जनुकं चालू-बंद करतात आणि एकमेकांचं कामही हाणून पाडतात. २००५ मध्ये माशाच्या भ्रूणात गाटा-१ निकामी केल्यावर तांबड्या होऊ घातलेल्या पेशी पांढऱ्यांच्या वाटेला लागल्या. पीयू-१ दाबलं तर नेमकं उलट. पेशीचं भवितव्य इतकं लवचीक असतं, हे मला तरी आजही चकित करतं.

पण पांढरी होणं ही पहिली पायरी. पुढे जंतू गिळणारी मॅक्रोफेज व्हायचं की जखमेकडे आधी धावणारी न्यूट्रोफिल? इथे पीयू-१ आहे की नाही यापेक्षा किती आहे याला महत्त्व: जास्त असेल तर मॅक्रोफेज, कमी असेल तर न्यूट्रोफिल. आयआरएफ-८ हे जनुकही मॅक्रोफेजच्या बाजूने जोर लावतं. ते बंद केलं की भ्रूणात मॅक्रोफेज जवळजवळ दिसेनाशा होतात आणि न्यूट्रोफिल वाढतात.

न्यूट्रोफिल ठरली तरी ती लगेच कामाची नसते. केंद्रकाला खाचा पडून खंड व्हावे लागतात, जंतुनाशक विकरांचे कण भरावे लागतात. हे थांबलं आणि विभाजन मात्र चालू राहिलं, तर कच्च्या पेशींची गर्दी होते; तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात हेच घडतं. या आजाराच्या एका प्रकारात सापडणारं एएमएल१-ईटीओ हे जोडजनुक (दोन जनुकांचे तुकडे जुळून झालेलं) माशाच्या भ्रूणात घातलं, तेव्हा गाटा-१ उतरलं, पीयू-१ चढलं आणि तांबड्यांऐवजी पांढऱ्या पेशी वाढल्या. मग त्याच भ्रूणांवर एकेक रसायन तपासण्यात आलं. हा बदल उलटवणाऱ्यांत निमेसुलाइड निघालं, ताप आणि दुखण्यावरचं एक जुनं औषध.