दुखण्याची बोली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचं ऑनलाइन प्रशिक्षण

बेळगावजवळच्या खानापूरकडची एखादी आजी डॉक्टरांना सांगते, 'पोटात कळा मारायल्यात.' केसपेपरवर उतरतं ते नुसतं 'पोटदुखी'. कळ वेगळी, ठणका वेगळा, भगभग वेगळी, गोळा येणं वेगळं, आणि निदानाचा पहिला धागा याच फरकात असतो. जात, धर्म, भाषा, लिंगओळख, अपंगत्व यांमुळे उपचारात उणेपणा राहू नये म्हणून आज आरोग्य कर्मचाऱ्यांना ऑनलाइन धडे दिले जातात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात त्यांची कसोटी लागते ती सर्वांत आधी भाषेवर.

या विचाराची सुरुवात परिचारिकांनी केली. १९५०च्या दशकात अमेरिकेत मॅडलिन लाइनिंगर यांना मुलांच्या मानसोपचारात काम करताना दिसलं, की वेगवेगळ्या समाजांतल्या मुलांना एकाच साच्यातली शुश्रूषा पुरत नाही. पुढे न्यूझीलंडमधल्या माओरी परिचारिका इरिहापेटी रॅम्सडेन यांनी प्रश्नच उलटा केला. मिळालेली सेवा सुरक्षित होती की नाही, हे ती घेणाऱ्यानं ठरवायचं, असं त्यांनी मांडलं. १९९२मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलनं हा विषय अभ्यासक्रमात आणला. या साऱ्या इतिहासातलं मला हेच सर्वांत मोठं पाऊल वाटतं.

भारतात हे उशिरा आलं. वृत्ती, नीती आणि संवाद यांचा 'एटकॉम' अभ्यासक्रम २०१८मध्ये तयार झाला आणि २०१९च्या एमबीबीएस तुकडीपासून लागू झाला. २०१९च्याच तृतीयपंथी हक्क कायद्यानं डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा फेरविचार करायला सांगितलं. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराशी नातं असलेल्या जोगप्पांच्या, म्हणजे देवीला वाहिलेल्या तृतीयपंथीयांच्या, दृष्टीनं ही तरतूद मोलाची आहे. २०२०मध्ये कोविड आला आणि 'आयगॉट'सारख्या सरकारी मंचांमुळे मोबाइलवर शिकणं आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अंगवळणी पडलं.

सीमाभागाचा इतिहास मात्र याआधीचा. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. कारभाराची भाषा बदलली, घरातली बदलली नाही. या भागावर हक्क सांगत महाराष्ट्रानं २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. पण आजारी माणूस हद्द बघून दवाखाना निवडत नाही. महाराष्ट्रातल्या चंदगडचा रुग्ण बेळगावला येतो. कर्नाटकातल्या अथणीचा मिरजेला जातो, आणि तिथं पोटदुखीला 'होट्टी ब्यानी' म्हणणाऱ्या कन्नड माणसाचीही तीच अडचण होते. मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४मध्ये रुग्णालय काढलं तेव्हापासून या पट्ट्यात दोन्ही भाषांचे रुग्ण एकाच वॉर्डात झोपत आलेत. दोघांचं बोलणं एकमेकांपर्यंत पोचवलं ते बहुतेक वेळा आयांनी, वॉर्डबॉयनी आणि नातेवाइकांनी. त्या कामाचं प्रशिक्षण त्यांना कुणी दिलं नाही.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८च्या रुग्णहक्क सनदेत, रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा हक्क म्हणून लिहिलेला आहे. धडा कन्नड किंवा इंग्रजीत पूर्ण करून प्रमाणपत्र मिळालं, तरी कळ आणि ठणक्यातला फरक ओळखता येईलच असं नाही. त्यासाठी या भागातल्या बायाबापड्यांचे शब्द त्यांच्याच आवाजात ऐकवणारे धडे हवेत, मराठीतले आणि कन्नडमधलेही.

दुभाष्याचा प्रश्न तर त्याहून नाजूक. अमेरिकेच्या आरोग्यसेवेसाठीच्या २०००च्या राष्ट्रीय निकषांतच म्हटलं होतं, की रुग्णानं स्वतः मागितल्याशिवाय नातेवाइकांना दुभाषी करू नये. आपल्याकडे तपासणीच्या खोलीत आईच्या शेजारी मुलगाच उभा असतो. 'अंगावरून पांढरं जातंय' हे ती त्याच्या तोंडून डॉक्टरला कसं सांगणार? ती म्हणते, 'कंबर दुखतीया', आणि गोळ्या घेऊन घरी जाते.